कोयासान सोवळं, नागद्वार ओवळं?

जपानला जाऊन आलेला नागपूरकर ओळखायला फार कष्ट पडत नाहीत. चहाचा पहिला घोट पोटात जायच्या आत तो कोयासानच्या डोंगरावर पोचलेला असतो. तिथल्या मठातली मुक्कामाची खोली, पहाटेचा मंत्रपाठ, शेवाळलेले दगडी दिवे, कुमानोच्या जंगलातली धुक्यात हरवलेली पाऊलवाट, हे सगळं मोबाइलवर दाखवून झालं की तो एक सुस्कारा सोडतो आणि ठरलेलं वाक्य टाकतो : "नाहीतर आपल्याकडे पाहा." हे 'आपल्याकडे' म्हणजे बहुतेक वेळा पचमढीचं नागद्वार असतं. कधी चौरागडचा महादेव, कधी कार्तिकी पौर्णिमेचं रामटेक. आणि खासगीत, आवाज जरा खाली आणून, विजयादशमीची दीक्षाभूमी.

एखाद्याने असं म्हटलं असतं तर सोडून दिलं असतं. पण हल्ली हे मत शहाणपणाचं लक्षण झालं आहे. धरमपेठेतल्या दिवाणखान्यात ते आहे, प्रवासवर्णनांच्या व्याख्यानांत आहे, रविवारच्या पुरवण्यांत आहे. मांडणी साधारण अशी असते. जपानी माणसाने तीर्थयात्रा शुद्ध ठेवली, आपण तिची जत्रा केली. तिथे शांतता, इथे भोंगे. तिथे वाटेवर पान पडलं तरी कोणी उचलतं, इथे द्रोण-पत्रावळ्यांचा खच. तिथे ध्यान, इथे अंधश्रद्धा. तिथे हजार वर्षांची अखंड परंपरा, इथे सगळा भ्रष्टाकार. तिथला यात्रेकरू स्वतःचा शोध घ्यायला निघतो, इथला नवस फेडायला. तेव्हा खरं तीर्थाटन करायचं असेल तर विमानात बसा. इकडे रामटेकलाही आता काही राम उरलेला नाही.

हे मी बरीच वर्षं मान डोलवत ऐकून घेतलं. आता पुरे झालं.

आधी त्या शांततेचं पाहू, कारण तिचाच सगळ्यांना मोठा पुळका. कुमानोच्या वाटेवर आज शांतता आहे, हे खरं. पण ती यात्रेची शांतता आहे हे कोणी सांगितलं? अकराव्या-बाराव्या शतकात निवृत्त सम्राट या वाटेने सगळा लवाजमा घेऊन जात. गो-शिराकावा नावाचा सम्राट तीसहून अधिक वेळा गेला. त्यांच्यामागून सरदार, मग सामुराई, मग गावोगावची साधी माणसं. इतकी रीघ लागायची की जपानी लोकांनीच या यात्रेला मुंग्यांच्या रांगेची उपमा दिली आणि ती कायमची चिकटली. त्याच मुलखाजवळच्या इसेच्या देवळाकडे १८३० साली जी लाट उसळली, तिच्यात काही महिन्यांत चाळीस लाखांवर माणसं येऊन गेल्याचं सांगतात. तेव्हा सगळ्या जपानची वस्ती तीन कोटींच्या आसपास! नोकर मालकाला न विचारता पळाले, पोरं आईबापांना न सांगता निघाली, वाटभर नाचगाणं आणि धांगडधिंगा. त्या वर्षी आपला हा नागपूरकर तिथे असता तर नाकाला रुमाल लावून म्हणाला असता, "छे, किती ही गर्दी! खरं अध्यात्म चीनमध्ये."

मग आजची शांतता आली कुठून? थोडी सरकारी हुकमातून आली. १८६८ नंतर मेजी राजवटीने देव आणि बुद्ध यांची सक्तीने फारकत केली. शतकानुशतकं एकाच आवारात नांदणारी दैवतं वेगळी काढली, मूर्ती फोडल्या, मठ ओस पडले. १८७२ मध्ये डोंगरात तप करणाऱ्यांच्या शुगेन्दो पंथावरच बंदी आली. १९०६ पासून लहान देवळं मोठ्या देवळांत विलीन करण्याचा सपाटा सुरू झाला. त्यात कुमानोच्या वाटेवरची कितीतरी ठाणी गेली आणि त्यांच्याभोवतीच्या देवराया तोडल्या गेल्या. तानाबे गावात राहणारा मिनाकाता कुमागुसू हा निसर्गशास्त्रज्ञ त्याविरुद्ध एकटा भांडला, तुरुंगातही जाऊन आला. हजार वर्षांची अखंड परंपरा म्हणता ती ही. त्या वाटेवरचं 'प्राचीन अरण्य'सुद्धा पुष्कळसं लाकडासाठी ओळीने लावलेल्या सीडर आणि सायप्रसचं आहे. या लागवडीच्या परागकणांनी दर वसंतात निम्मा जपान शिंकत असतो. पचमढीचा साल मात्र कोणी ओळीने लावलेला नाही. पण त्याला प्राचीन अरण्य म्हणावं असं आपल्या व्याख्यात्याला कधी सुचत नाही.

उरलेली शांतता रिकाम्या गावांची आहे. कीई आणि शिकोकूच्या डोंगरांतली तरुण पोरं ओसाका-टोकियोला गेली. मागे म्हातारी माणसं आणि कुलूपबंद घरं उरली. कित्येक देवळांना आता पुजारीच नाही. आपला पर्यटक अशाच एका बंद घरापुढे उभा राहून म्हणतो, "किती शांत वाटतंय ना!" त्याच्या आजोळी, मोर्शी-वरुडकडच्या खेड्यात, अशीच एकामागून एक कुलपं दिसतात तेव्हा तो त्याला शांतता म्हणतो का? तेव्हा तो शेतीच्या दुर्दशेवर लेख लिहितो. तोही चांगलाच असतो. पण तोच डोळा जपानला जाताना घरी ठेवून का जायचा?

आता स्वच्छता. इथे मी भांडणार नाही, त्यांची वाट स्वच्छ आहे आणि आपली घाण आहे. नागद्वारच्या यात्रेनंतर त्या झऱ्यांकाठी जे प्लास्टिक उरतं ते पाहून मलाही लाज वाटते. माझं भांडण पुढच्या वाक्याशी आहे : "त्यांच्या रक्तातच आहे हो ते." रक्तात? फुजी हा जपानचा सगळ्यांत पूज्य पर्वत. शतकानुशतकं पांढरे कपडे घालून भाविक तो चढत आले. त्याच फुजीच्या उतारावर काही दशकांपूर्वी डोंगरावरच्या संडासांतला मैला आणि कागद तसाच सोडला जायचा, आणि त्या कागदाचे पांढरे ओघळ लांबून दिसायचे. कचरा इतका होता की गिर्यारोहकांना मोहिमा काढून तो उपसावा लागला. मग संडास बदलले, नियम आले, स्वयंसेवक उभे राहिले, पैसा ओतला. २०१३ मध्ये फुजी जागतिक वारसा यादीत गेला. तरी गर्दी आवरेना, म्हणून २०२४ पासून यामानाशीच्या बाजूने वर जायला शुल्क आणि दिवसाला ४००० माणसांची मर्यादा लागली. यात रक्त कुठे आलं? यात आली नगरपालिका, आलं अंदाजपत्रक, आली माणसं.

कुमानोच्या वाटेचंही तेच. २००४ मध्ये कीई पर्वतातली ही सगळी ठाणी आणि वाटा जागतिक वारसा झाल्या. पावसाने वाट वाहून जाते, म्हणून तिथे रीत आहे की गावकरी, शाळेची मुलं, कंपन्यांचे कर्मचारी, हौशी पाहुणे पिशव्यांतून माती वर वाहून नेतात आणि ठोकून ठोकून वाट पुन्हा बसवतात. आपले किती जण तिथून परतल्यावर इथे कोणत्या वाटेवर घमेलंभर माती टाकायला गेले? अंबाळा तलावापासून रामटेकच्या गडावर चढणाऱ्या पायऱ्या काही परदेशात नाहीत. जपानची स्वच्छता आवडली असं म्हणणाऱ्याला खरं म्हणजे दुसऱ्याने केलेली स्वच्छता आवडलेली असते. ती कोणाला आवडत नाही?

अंधश्रद्धेचा मुद्दा तर मला विशेष आवडतो. कोयासान हा मठ कुकाई नावाच्या आचार्याने ८१६ साली स्थापला. ८३५ मध्ये तो गेला असं आपण म्हणू. शिंगोन पंथाचे लोक तसं म्हणत नाहीत. त्यांच्या मते कुकाई ओकुनोइनच्या गुहेत अजून समाधी लावून बसलेला आहे, जिवंत आहे. म्हणून रोज दोन वेळा, पहाटे सहाला आणि सकाळी साडेदहाला, भिक्षू त्याच्यासाठी जेवणाचा पेटारा खांद्यावर घेऊन पुलावरून जातात. बाराशे वर्षांपूर्वीच्या माणसासाठी, रोज, ताजं जेवण. आपला पर्यटक हे पाहून गहिवरतो, व्हिडिओ काढतो, खाली लिहितो : 'शब्द नाहीत.' हाच प्रकार सावनेर तालुक्यातल्या एखाद्या समाधीवर दिसला असता तर शब्द नक्की सापडले असते. त्यातला पहिला 'भोंदू' असता.

त्याच ओकुनोइनच्या वाटेवर दोन लाखांवर थडगी आणि स्मारकं आहेत. त्यांत कंपन्यांची स्मारकं आहेत. कॉफीच्या कंपनीने दगडी कप उभारला आहे, विमानं बनवणाऱ्या कंपनीने रॉकेट. वाळवी मारणाऱ्यांच्या संघटनेने मारलेल्या वाळवीसाठीसुद्धा स्मारक केलं आहे. मला ते मनापासून आवडतं, थट्टा करत नाही. देवळादेवळांत चिठ्ठी काढून भविष्य पाहतात, वाईट निघालं तर ती तारेला बांधून तिथेच सोडतात. परीक्षेसाठी वेगळा ताईत, गाडीसाठी वेगळा, बाळंतपणासाठी वेगळा. गोमा नावाचा होम होतो, त्याच्या धुरावर पिशव्या फिरवून घेतात. हे सगळं 'संस्कृती'. आणि चौरागडच्या चढावर खांद्यावर त्रिशूळ घेऊन एखादा शेतमजूर नवस फेडायला जातो, तो 'मागासलेपणा'. हा न्याय कोणत्या शास्त्रातला? नवस वाईट असेल तर दोन्हीकडे वाईट म्हणा. मी तुमच्या बाजूने उभा राहीन. पण कोयासानला पाचशे येनचा ताईत घेऊन गाडीच्या आरशाला टांगायचा आणि गाडीत बसून लिंबू-मिरचीला हसायचं, हे जमणार नाही.

बायकांचा प्रश्न कोणी काढत नाही, म्हणून मी काढतो. कोयासानवर १८७२ च्या सरकारी हुकमापर्यंत बायकांना प्रवेश नव्हता. त्यांनी डोंगराच्या कडेकडेने हिंडायचं आणि वेशीवरच्या वेगळ्या घरांत थांबून आतल्या बाजूला हात जोडायचे. त्यातलं एक घर अजून उभं आहे आणि पर्यटक त्याचे फोटो काढतात. ओमिने पर्वतरांगेतल्या सांजोगाताकेच्या वाटेवर आजही फलक आहे : बायकांनी पुढे येऊ नये. जागतिक वारशातली जागा, एकविसावं शतक, आणि फलक जागच्या जागी. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावरून आपण केवढं रान उठवलं, आणि ते योग्यच होतं. मग सांजोगाताके आला की तोंडात मूग का? तिथे म्हणे 'परंपरेचा आदर'. कुमानोने मात्र बायकांना, आजाऱ्यांना, ज्यांना इतर देवळं दारात उभं करत नव्हती त्यांनाही आत घेतलं, हा त्याचा मोठेपणा. पण तो मोठेपणा सांगणारा पर्यटक मला अजून भेटायचा आहे. त्याला धुकं आठवतं.

आणि चालण्याचं काय? फार चालून आलो म्हणतात. बहुतेक जण कुमानोच्या वाटेवर होश्शिनमोनपासून होंगूच्या देवळापर्यंतचा शेवटचा सात किलोमीटरचा उताराचा टप्पा करतात. सामान व्हॅनमधून पुढच्या मुक्कामी गेलेलं असतं. मुक्काम कोयासानच्या मठात असेल तर माणशी दहा-पंधरा हजार येनपासून पुढे, शाकाहारी जेवण त्यात धरलेलं. शिकोकूची ८८ देवळांची प्रदक्षिणा सुमारे १२०० किलोमीटरची. पायी गेलं तर चाळीस-पन्नास दिवस लागतात. पण आज बहुतेक जपानी लोकही ती बसने किंवा मोटारीने करतात, आणि त्यात कमीपणा मानत नाहीत. कमीपणा मानण्याचं काम त्यांनी आपल्यावर सोपवलं आहे.

एकदा श्रावणात नागद्वारला या. नागपूरहून सावनेर, सौंसर, छिंदवाडा, तामिया करत बस, ट्रॅक्स, मिळेल ती गाडी पचमढीला जाते. तिथून पुढची नागद्वारची वाट सातपुडा व्याघ्रप्रकल्पाच्या जंगलातून जाते आणि नागपंचमीच्या आधीचे जेमतेम दहा-बारा दिवसच उघडते. बाकी वर्षभर ती वाघ-अस्वलांची. पाऊस लागलेला असतो. पचमढीचा वालुकाश्म ओला झाला की साबणासारखा होतो. दोन कड्यांच्या मधे लोखंडी शिडी लावलेली असते, तिच्या गजांना शेकडो पायांचा चिखल लागलेला. वर नऊवारीचा काष्टा मारलेली काटोलकडची एक म्हातारी, पायात काही नाही, एका हातात शिडी, दुसऱ्या हातात नारळाची पिशवी. खाली तिचा नातू ओरडतो, "आजी, पिशवी टाक ना वं!" ती टाकत नाही. तिच्या मागे अडलेली रांग चिडत नाही. खालून कोणीतरी एवढंच म्हणतं, "हळू जा माय, घाई नाही कोनाले." आजूबाजूला भोंगा नाही. भोंगे खाली पचमढीत असतात. इथे पावसाचा आवाज, मधूनच 'हर हर महादेव', आणि दम लागलेल्या माणसांचे श्वास. शांतता हवी होती ना? ही घ्या. फक्त तिच्यात माणसं आहेत.

वळणावर ताडपत्री ताणलेली असते आणि खाली चूल पेटलेली. नागपूरच्या, वर्ध्याच्या, अमरावतीच्या मंडळांचे हे भंडारे. पिठाची पोती, तेलाचे डबे, भांडी हे सगळं माणसांनी डोक्यावरून आणलेलं. पुरी-भाजी, खिचडी, चहा. पैसे घेत नाहीत. "पुढं जा, जेवून जा" एवढंच. वाढणारा पोरगा एरवी कुठे काम करतो विचारलं तर कोणी महालातल्या दुकानात, कोणी कळमन्याच्या बाजारात हमाल, कोणी ऑटो चालवणारा. वर्षभराच्या वर्गणीतून आणि स्वतःची रोजी बुडवून तो तिथे गुडघाभर चिखलात उभा असतो.

शिकोकूच्या यात्रेत याला ओसेत्ताई म्हणतात. वाटेवरचा गावकरी अनोळखी यात्रेकरूला संत्रं देतो, चहा देतो, कधी रात्रीचा निवारा देतो, आणि त्याबद्दल काही घ्यायचं नसतं. फार सुंदर चाल आहे. आपल्या प्रवासवर्णनांत या एका संत्र्यावर दोन-दोन पानं असतात. देणाऱ्या म्हातारीच्या सुरकुत्यांसकट. वाईट वाटतं ते हे, की संत्र्यांच्या नागपुरातून गेलेल्या माणसाला अनोळखी माणसाने फुकट दिलेलं फळ पाहून डोळ्यांत पाणी आणायला शिकोकूला जावं लागतं. आणि त्याच्याच शहरातला ऑटोवाला चिखलात पुरी वाढतो तेव्हा त्याला दिसते फक्त पत्रावळ.

पत्रावळीचं मी मघाशीच कबूल केलं, पुन्हा करतो. प्लास्टिकची ताटं, पाण्याचे पाऊच बंद झाले पाहिजेत, भंडाऱ्यांना त्याशिवाय परवानगी मिळू नये. पण हे सांगायला भंडाऱ्याच्या चुलीपर्यंत यावं लागतं. दिवाणखान्यातून सांगितलेलं तिथे ऐकू येत नाही.

गोंदिया जिल्ह्यात सालेकसाजवळ कचारगड आहे. डोंगराच्या पोटात प्रचंड गुहा, आणि माघ पौर्णिमेला पारी कुपार लिंगो आणि काली कंकाली यांच्या नावाने चार-पाच राज्यांतून आलेला गोंड समाज. डोंगर, गुहा, पूर्वज, पायी चढण, एका समाजाच्या उगमाची कथा : जपानी डोंगरी तीर्थाबद्दल जे जे वाचून तुम्ही भारावता ते सगळं इथे आहे, आणि नागपूरहून सकाळी निघालात तर दुपारचं जेवण तिथेच. हे शहर बख्त बुलंद शाह या गोंड राजाने वसवलं, हे शाळेत पाठ करून आपण मोकळे झालो. त्याच्या लोकांचं तीर्थ कोणतं हे विचारायची कधी गरज पडली नाही.

इथे दुसऱ्या गोटातली मंडळी टाळ्या वाजवायला लागतील, म्हणून त्यांनाही आधीच थांबवतो. "बघा, आम्ही म्हणतच होतो, त्यांचं सगळं आपल्याकडूनच गेलं. त्यांची बेन्झाइतेन म्हणजे आपली सरस्वती, गोमा म्हणजे आपला होम, मग जायचं कशाला तिकडे?" हे बोलणं पहिल्याचीच उलटी बाजू. गेलं असेल इथून, सांभाळलं कोणी? सिद्धम लिपी आपण विसरलो, कोयासानचे भिक्षू आजही ती गिरवतात. आपलंच म्हणून छाती फुगवणारे रामटेकच्या केवल नरसिंहाच्या देवळातला वाकाटक शिलालेख पाहायला किती वेळा गेले? जपानला जरूर जा. खिशात पैसे आहेत, पाय चालतात, तर जाऊ नका असं कोण म्हणेल? माझा राग जाण्यावर नाही, परत आल्यावर जे सांगता त्यावर आहे.

आणि आता ज्याच्यासाठी एवढं लिहिलं तिथे येतो. टोकियोजवळ ताकाओ नावाचा डोंगर आहे, त्यावर याकुओ-इन हे शिंगोन पंथाचं जुनं देऊळ. डोंगरी तपस्व्यांचं ठाणं, अगदी तुमच्या मनातलं जपान. आज ताकाओवर चढायला नागपूरचे पर्यटक हौसेने जातात. त्याच देवळात दीक्षा घेतलेला एक तरुण भिक्षू १९६० च्या दशकात भारतात आला, राजगीरला राहिला आणि तिथून परत जायच्या बेतात असताना, त्याने स्वतः सांगितलं त्याप्रमाणे, स्वप्नात त्याला बौद्ध आचार्य नागार्जुनाने नागपूरला जायला सांगितलं. तो नागपूरला आला. इंदोऱ्यात राहिला, तिथल्या माणसांची भाषा शिकला, त्यांच्यातला झाला, पुढे भारताचं नागरिकत्व घेतलं, महाबोधी विहाराच्या मुक्तीसाठी लढला, दीक्षाभूमीच्या स्मारक समितीचा अध्यक्ष झाला. भदन्त आर्य नागार्जुन सुरेई ससाई. जबलपूर रस्त्यावर मनसरच्या टेकडीवर उत्खनन व्हावं म्हणून त्यांनी पुढाकार घेतला आणि मातीखालून वाकाटकांच्या काळाचं केवढं तरी बांधकाम वर आलं. ते नागार्जुनाचं ठाणं की प्रवरसेनाचं शिवालय, यावर अभ्यासक भांडतात, भांडू द्यावं. शिंगोन पंथाच्या आचार्यपरंपरेत नागार्जुनाचं नाव आहे, आणि रामटेकजवळच्या एका टेकडीला लोक नागार्जुनाची टेकडी म्हणत आले आहेत. म्हणजे जपानच्या डोंगरावरचा साधू आपलं तीर्थ शोधत नागपूरच्या उत्तरेला येऊन राहिला, आणि नागपूरच्या पश्चिमेचा माणूस आपलं तीर्थ शोधत जपानच्या डोंगरावर गेला. दोघांची वाटेत भेट झाली नाही. इंदोरा धरमपेठेपासून ऑटोने किती लांब आहे हे मी सांगायला नको.

बुद्धाच्या देशातली शांती अनुभवून आलो म्हणणाऱ्यांना माझा एकच प्रश्न असतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला तुमच्या शहरात जे घडलं, त्याच्या स्मृतीला दर विजयादशमीला देशभरातून लाखो माणसं येतात, तेव्हा तुम्ही काय करता? उत्तर मला माहीत आहे. लक्ष्मीनगर-बजाजनगरातले कित्येक जण त्या दोन दिवसांत "ट्रॅफिकचा वैताग नको" म्हणून पचमढीला नाहीतर चिखलदऱ्याला निघून जातात. शिकोकूच्या वाटेवर पांढरे कपडे घातलेला यात्रेकरू दिसला की 'मृत्यूची तयारी करून निघालेला साधक' वगैरे आठवतं. दीक्षाभूमीला पांढरी साडी नेसून मराठवाड्यातून आलेली बाई रात्री फुटपाथवर चादर अंथरून झोपते, भाकरी बरोबर आणते आणि परतताना पिशवीभर पुस्तकं नेते. जगात अशी किती तीर्थं आहेत जिथे प्रसादापेक्षा पुस्तकं जास्त खपतात? कोयासानला तरी खपतात का? दीक्षाभूमीला पुस्तकांच्या दुकानांपुढे इतकी गर्दी असते की चालायला जागा राहत नाही. पण आपल्या माणसाला ती गर्दी दिसत नाही, अडकलेली मोटार दिसते. कामठीच्या ड्रॅगन पॅलेसला मात्र तो पाहुण्यांना आवर्जून नेतो. "अगदी जपान वाटतं," म्हणतो. तो विहार १९९९ मध्ये जपानी मदतीने उभा राहिला, तिथे हिरवळ आहे, शांत आहे, फोटो छान येतात. म्हणजे बुद्ध चालतो. तो जपानी असावा आणि भोवती फार माणसं नसावीत, एवढीच अट.

हीच या सगळ्या मताची खरी मुळी आहे. घाण हे निमित्त आहे, भोंगा हे निमित्त आहे, अंधश्रद्धा तर शुद्ध बहाणा. खुपतात ती माणसं. काटोलची म्हातारी, कळमन्याचा हमाल, परभणीची बाई, सालेकशाचा गोंड. कोयासानवर तुम्ही पाहुणे असता. तिथल्या कोणाशी तुमचं देणं-घेणं नाही, कोणाची जात माहीत नाही, कोणाचा पगार तुम्ही थकवलेला नाही. म्हणून तिथे मन निवांत होतं. त्याला अध्यात्म म्हणू नका. सुट्टी म्हणा, आणि सुट्टी घ्यायला माझी काही हरकत नाही.

कोयासान पवित्र आहे, कुमानो पवित्र आहे. आणि ज्या कारणांनी ते पवित्र आहेत, त्याच कारणांनी नागद्वार, कचारगड, रामटेक आणि दीक्षाभूमी पवित्र आहेत. एकाला सोवळं नेसवून दुसऱ्याला ओवळं ठरवायचा अधिकार विमानाच्या तिकिटाने मिळत नाही. तेव्हा पुढच्या श्रावणात नागपंचमीच्या आधी चार दिवस काढा. व्हिसा लागत नाही. पायात पकड असलेले बूट घाला, खांद्यावर कचऱ्याची एक मोठी पिशवी घ्या, आणि शिडीपाशी रांग अडली तर हॉर्न वाजवल्यासारखं तोंड करू नका. विजयादशमीला पचमढीला पळू नका. दोन पाण्याच्या बाटल्या घेऊन दीक्षाभूमीच्या रस्त्यावर उभे राहा आणि येणाऱ्याला पाणी द्या. एवढं केलंत की मग जपानचे फोटो दाखवायला या. मी सगळे पाहीन, चहा मी करीन.